मंडळी वाढते म्हणजे नेमकं काय होतं?

कोणत्याही मराठी मंडळीची वार्षिक सभा घ्या. पाळकसाहेब अहवाल वाचतात. वर्षभरात बाप्तिस्मे किती झाले, दृढीकरणं किती, लग्नं किती, कोण कोण प्रभूकडे गेलं, वर्गणी किती जमली, छपराच्या दुरुस्तीला किती लागले. मागच्या बाकावरून कुणी वडीलधारे उठतात आणि विचारतात, संख्या वाढत का नाही? मग बोलणं तरुणांवर येतं, मोबाइलवर येतं, रविवारी सकाळीच ठेवलेल्या क्लासेसवर येतं आणि चहा आला की थांबतं. सगळे कळकळीने बोलतात. चर्चच्या फाटकासमोरून रोज जाणारी माणसं आपल्याला ओळखतात का, ती कधी आत आली तर त्यांचं काय होतं, हे मात्र या चर्चेत क्वचितच निघतं. मंडळीची वाढ हा एक विषय आणि शेजाऱ्यांशी संबंध हा दुसरा, अशी आपण मनात फाळणी करून टाकली आहे. हे दोन्ही प्रश्न एकत्र ठेवून पाहायला हवेत असं मला वाटतं.

पाहण्यासारखं खूप आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचं ठाणं पडलं. तेव्हापासून शाळा, दवाखाने, दुष्काळातली मदत, कीर्तनं, नियतकालिकं, यात्रा, आंदोलनं असं पुष्कळ करून झालं. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. एवढ्यावरून कुणी म्हणेल की दोनशे वर्षांची मेहनत फुकट गेली. पण कोणते प्रयत्न रुजले आणि कोणते वरवर राहिले हे नीट पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बाहेरून आलेल्या माणसाला जिथे काही करायला मिळालं, त्याच्या हातात पेटी, हजेरीची वही किंवा कुदळ आली, तिथे तो राहिला आणि त्याच्यामुळे मंडळीत जीव राहिला. जिथे त्याला फक्त घ्यायला बोलावलं, तिथून तो घेऊन गेला.

मंडळ्या का वाढतात याचा पद्धतशीर अभ्यास ज्या माणसाच्या नावाने जगभर ओळखला जातो, तो आपल्या शेजारचाच. डोनाल्ड मॅकगाव्हरन यांचा जन्म १८९७ साली मध्य प्रदेशातल्या दमोहचा, मिशनऱ्यांच्या घरातला. पुढे ते त्याच भागात काम करू लागले तेव्हा एक कोडं त्यांना छळू लागलं. काही मंडळ्या भराभर वाढत होत्या आणि शेजारच्या, तितकाच पैसा आणि तितकीच माणसं खर्ची पडलेल्या, जागच्या हलत नव्हत्या. असं का? जे. वॉस्कम पिकेट यांनी भारतातल्या सामूहिक धर्मांतरांवरचा मोठा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्या वाटेने पुढे जात मॅकगाव्हरन यांनी १९५५ आणि १९७० मध्ये दोन पुस्तकं लिहिली आणि चर्चच्या वाढीचं एक शास्त्रच उभं राहिलं. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: माणसं एकेकटी येत नाहीत, नात्यागोत्याने येतात, आणि जात, भाषा, वर्ग यांची रेघ ओलांडावी लागत नसेल तर लवकर येतात.

नगर जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर हे निरीक्षण पटतं. तिथे मंडळ्या वाढल्या त्या महारवाड्यांतली आणि मांगवाड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं आल्यामुळे. एका घरातला थोरला आला की भाऊ, मेहुणे, सोयरे मागोमाग आले. ज्यांना विहिरीवर, देवळात, शाळेत मज्जाव होता त्यांना माणूस म्हणून बसवून घेणारी जागा मिळाली होती, हे त्यामागचं मोठं कारण. पण निरीक्षणाचं धोरण केलं की घात होतो. एकाच प्रकारच्या माणसांची मंडळी लवकर वाढते म्हणून तशीच ठेवायची म्हटलं तर ख्रिस्ताच्या मेजाभोवती पुन्हा पंगती वेगळ्या. १९७७ मध्ये अमेरिकेत पॅसाडीना इथे जगभरचे इव्हॅन्जेलिकल विचारवंत याच मुद्द्यावर वाद घालायला जमले होते. आपल्याकडे मात्र हा वाद कागदावर कधी फारसा झाला नाही, तो घराघरांत होतो. आजही स्थळ पाहताना घराणं कुठलं हे विचारण्यात पणजोबांची जात विचारलेली असते. जी मंडळी स्वतःच्याच दुसऱ्या फळीला पूर्ण जवळ करत नाही, तिला परक्याचं स्वागत कसं जमणार, हा माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

आकड्यांबद्दल इथेच एक गोष्ट सांगायला हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती सुरुवातीला हिंदू धर्मापुरत्या राहिल्या. १९५६ मध्ये त्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाहीत. त्यामुळे रविवारी उपासनेला येणारं एखादं कुटुंब शाळेच्या दाखल्यावर वेगळंच काही असतं. पोराची शिष्यवृत्ती आणि नोकरी त्या कागदावर अवलंबून आहे. अशा कुटुंबाला कुणी ढोंगी म्हणू नये, आणि मंडळीची वाढ जनगणनेच्या तक्त्यावरून मोजूही नये.

एकोणिसाव्या शतकात नव्या ख्रिस्ती माणसाला गाव बाहेर काढायचं. विहीर बंद, बलुतं बंद. त्याला आसरा द्यायला मिशनचं आवार उभं राहिलं: बंगला, शाळा, बोर्डिंग, शिक्षकांच्या खोल्यांची रांग, मध्ये चर्च. आसऱ्याची ती गरज खरी होती. पण दोन पिढ्यांत आवाराची भिंत दोन्ही बाजूंनी पक्की झाली. गावच्या पंचायतीत, पेरणीच्या बोलण्यात, मयतीच्या खांद्याला आवारातली माणसं दिसेनाशी झाली. शिक्षक, बायबल सांगणारा, पाळक, सगळ्यांचा पगार मिशनकडून येई, त्यामुळे मंडळीची नजर गावाकडे कमी आणि बंगल्याकडे जास्त. पुढे दोर्णकलचे बिशप झालेले व्ही. एस. अझारिया यांनी १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक परिषदेत मिशनऱ्यांना ऐकवलं होतं की तुम्ही आम्हाला खूप काही दिलंत, आता मैत्री द्या. ते बोलणं गोऱ्या मिशनऱ्यांना उद्देशून होतं. आवाराबाहेरचा शेजारी आज तेच आपल्याला म्हणू शकतो.

त्या भिंतीला मराठीत सर्वांत मोठं भगदाड पाडलं ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते कवी म्हणून नावाजू लागले होते. नगरला आल्यावर त्यांना दिसलं की मराठी माणसं परक्या चालींवर, ओढूनताणून बसवलेल्या शब्दांत देवाचं गाणं म्हणत आहेत. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, भजनं लिहिली. 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची शंभराहून अधिक गीतं आहेत आणि आजही कोणत्याही पंथाच्या मराठी उपासनेत रविवारी त्यांतलं एखादं तरी म्हटलं जातं. हे काम त्यांच्या आधी कुणी केलंच नव्हतं असं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं होतं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं आणि ती वाट रोडावली. एका फर्मानाने मंडळी आपल्याच शेजाऱ्यांशी मुकी कशी होते याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नसेल.

टिळकांच्या आधी नगर भागात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. हे कीर्तन जवळून पाहिलं की स्वागत कशाला म्हणतात ते समजतं. चर्चच्या आत नाही, पटांगणात सतरंज्या पडतात. कीर्तनकार फेटा बांधून उभा, मागे टाळकरी, बाजूला पेटी आणि मृदंग. नमन होतं, मग पूर्वरंगात एखाद्या वचनाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, बहुतेकदा उधळ्या पुत्राचं. बाप वाट पाहत ओट्यावर बसला आहे असं कीर्तनकार सांगतो तेव्हा गावातला कुणीही डोळे पुसतो, कारण तसा बाप त्याने पाहिलेला असतो. टाळी कुठे द्यायची, धृपद कधी उचलायचं हे शेजारच्या वारकऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्याला पुस्तकाचं पान शोधावं लागत नाही, केव्हा उभं राहायचं म्हणून इकडेतिकडे बघावं लागत नाही. आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत गाणाऱ्यांपैकी एक होतो. चर्चच्या दारावर 'सर्वांचे स्वागत' अशी पाटी लावून हे साधत नाही.

टिळक शेवटी याच्याही पुढे गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्या दरबारात बरोबरीने बसणार होते. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ चालला नाही. अनेकांनी त्याला कवीची लहर म्हटलं. मला ते त्यांचं सर्वांत धाडसी पाऊल वाटतं. आज गावोगाव अशी माणसं आहेत जी बायबल वाचतात, प्रार्थना करतात, नाताळला येतात, पण कुटुंबासाठी किंवा कागदासाठी बाप्तिस्मा घेत नाहीत. त्यांना कुठे बसवायचं याचं उत्तर आपल्या घटनांत आणि नियमावल्यांत अजून नाही.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येतं की त्यांना कुणी ओढून आणलं नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं बाहेर राहिल्या, पुढे त्याच्या घरी राहूनही सोवळं वेगळं ठेवलं. त्या काळात आजूबाजूच्या ख्रिस्ती माणसांनी त्यांच्या वेगळ्या चुलीची खोडी काढली नाही. सोवळं एकेक करून त्यांनीच सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. घाई न करण्यातही पाहुणचार असतो, आणि आपल्या प्रचारसभांच्या काळात तो शिकायला हवा.

सेवेचा मार्ग सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वादग्रस्त. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मिशनच्या दारात हजारो माणसं आणली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना आणि विधवांना घेतलं. पण त्यांनी नुसतं अन्न दिलं नाही. तिथे छापखाना होता, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं संपूर्ण मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, ते तिथल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं होतं. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी शास्त्र छापू लागल्या. मदतीचा याहून मोठा सन्मान मला माहीत नाही.

जामखेडचं उदाहरण आपल्या काळातलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले आणि १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित घरांतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एकत्र जेवत आणि परत गावात जाऊन बाळंतपणं, वजनं, जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी हे सगळं बघत. बोअरच्या जागा ठरवण्याची गोष्ट तर प्रत्येक मंडळीने वाचावी अशी आहे. पाणी दलित वस्तीत लागतं का ते बघा, असं आरोळ्यांनी तज्ज्ञांना सांगितलं. हापसा तिथे बसला आणि सवर्ण बायकांना घागरी घेऊन त्या वस्तीत यावं लागलं. जातीवर व्याख्यान न देता शेजार जुळला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही मंडळी नव्हे, आरोग्य प्रकल्प आहे, हे खरं. पण शेजाऱ्यांसाठी काही करू पाहणाऱ्या मंडळीला याहून चांगला धडा महाराष्ट्रात दुसरा नाही.

सेवेवरचा संशय झटकून टाकता येत नाही. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी नागपूर त्या राज्याची राजधानी होती, म्हणजे विदर्भही त्यात होता. १९५६ च्या अहवालाने मिशनच्या शाळा-दवाखान्यांवर धर्मांतराच्या हेतूचा ठपका ठेवला. अहवालाची पद्धत एकांगी होती असं ख्रिस्ती लोकांनी तेव्हाच म्हटलं होतं, पण त्याने लोकांच्या मनात पेरलेली शंका आजही उगवते. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क घटनेने दिला आहे, त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. मंडळीसाठी नियम त्याहून कडक असावा असं माझं ठाम मत आहे: मदत घेणाऱ्याकडून प्रार्थनासभेची हजेरी कधीही मागू नये, आणि तीच मदत शेजारच्या संस्थेने दिली तर आपल्याला तितकाच आनंद व्हावा. ज्या मंडळीचं पोट आकड्यावर चालतं तिला हे जमणार नाही.

यात्रा-जत्रांच्या गर्दीचा प्रश्न निराळा. मुंबईत माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होतो आणि दिवसभर माणसांची रीघ असते, त्यात इतर धर्मांचे लोक भरपूर. वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते, आठवडाभर चालते. नवस फेडायला मेणाचे हात, पाय, घरं घेऊन लोक टेकडी चढतात. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरातच मतमाउलीची यात्रा भरते, नगर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीडकडून माणसं पायी येतात. या ठिकाणी कुणी कुणाला धर्म विचारत नाही. प्रोटेस्टंट मंडळींना हे सगळं नवस-सायासाचं वाटतं आणि ते नाक मुरडतात. मला वाटतं, नाक मुरडण्याआधी एवढं तरी पाहावं की दुःख घेऊन आलेल्या बाईला तिथे रांगेत जागा मिळते आणि मेणबत्ती तिने स्वतः लावायची असते. यात्रेची उणीव दुसरीकडे आहे. माणूस येतो, लावतो, जातो. त्याचं नाव कुणाला कळत नाही आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत त्याच्या घरी काय झालं हे कुणी विचारत नाही. मुंबईच्या कॅथलिक पॅरिशांत गल्लीगल्लीतल्या घरांचे लहान समूह केले जातात, ते याच उणिवेवरचं उत्तर. ज्या समूहाने इमारतीतल्या ख्रिस्ती नसलेल्या आजीबाईलाही दवाखान्यात नेलं, तो समूह मला यात्रेइतकाच मोठा वाटतो.

वसईची कथा या सगळ्यांपेक्षा वेगळी, कारण तिथे मंडळीने शेजाऱ्यांना आत बोलावण्याऐवजी स्वतःच बाहेर पाऊल टाकलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. त्या मासिकात धर्म होता तसंच साहित्य होतं, शेती होती, राजकारण होतं, आणि लिहिणारे सगळ्या समाजांतले होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली. बागायतदारांच्या जमिनी दहशतीने घेतल्या जाऊ लागल्या, विहिरींचं पाणी टँकरमधून बाहेर जाऊ लागलं. तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. दिब्रिटो तिच्या पुढे होते आणि सोबत सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, समाजवादी कार्यकर्ते. चर्चच्या व्यासपीठावरून पाण्याबद्दल बोललं गेलं आणि मोर्च्यात धर्मगुरू झग्यासह चालले. आंदोलनाने सगळं वाचवलं नाही, आजची वसई पाहिली की ते कळतंच. पण त्या काळात वसईच्या पंचक्रोशीत चर्च कशासाठी आहे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच मातीतून पुढे काय काय आलं पाहा. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटचा अभ्यास केला होता तुकारामांवर. दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विरोध झाला, धमक्या आल्या, तरी ते आजारी अवस्थेत तिथे गेले. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा मराठी जगताने आपल्या माणसासारखा त्यांचा शोक केला. हा आदर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत कुठेच उमटत नाही.

शहरांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना दिसते. पुण्या-मुंबईतली मुलं इंग्रजी शाळांत शिकली आणि इंग्रजी उपासनेला, नाहीतर मोठा वाद्यवृंद असलेल्या नव्या सभांना जाऊ लागली. घरचे म्हणतात मुलं बिघडली. मुलांना विचारलं तर ती सांगतात की तिथे गिटार वाजवायला मिळतं, आपल्याकडे तिसऱ्या वर्षीही खुर्च्या लावायलाच सांगतात. वाद भाषेचा कमी आणि विश्वासाने काम सोपवण्याचा जास्त आहे. इंग्लंडमध्ये पोर्ट्‌समथजवळच्या काउप्लेन गावात २००४ साली 'मेसी चर्च' नावाचा प्रयोग सुरू झाला, कारण रविवार सकाळच्या उपासनेला मुलांची कुटुंबं येत नव्हती. महिन्यातून एकदा दुपारी शाळेनंतर आईबाप आणि मुलं मिळून रंगकाम, चिकटकाम करतात, गोष्ट ऐकतात, प्रार्थना करतात आणि एकत्र जेवतात. तो पुढे कितीतरी देशांत गेला. आपल्याकडे सुट्टीतली बायबल शाळा आहेच, तिच्यात गल्लीतली सगळी पोरं येतात. फक्त तिथे आया फाटकाबाहेर उभ्या राहून वाट बघतात. त्यांना आत घ्यायला किती खर्च येतो?

आतल्या भिंती पाडण्याचंही काम झालेलं आहे, तेही सांगायला हवं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. बाप्तिस्मा पाण्यात बुडवून की शिंपडून यावरून शतकानुशतकं भांडणाऱ्यांनी एकमेकांची पद्धत मान्य केली. त्या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपद मिळू शकतं. तरी आजही कितीतरी ठिकाणी महिला मंडळाने स्वयंपाक करावा, झेंडूच्या माळा कराव्यात आणि कमिटीत एखादी बाई असावी, एवढ्यावर समाधान मानलं जातं. ज्या बाया घरोघर जातात, आजाऱ्याला भेटतात, शेजारणीच्या सुनेचं दुखणं ज्यांना आधी कळतं, त्यांनाच ठरवण्याच्या खोलीबाहेर ठेवलं तर मंडळीचे कान बंद होतात. इस्टेटीच्या खटल्यांबद्दल मी इथे सविस्तर लिहीत नाही. चर्चच्या जागांसाठी वर्षानुवर्षं चाललेली भांडणं बाहेरचा माणूस वर्तमानपत्रात वाचतो आणि फाटकातूनच परत जातो.

खेड्यातल्या मंडळ्यांकडे मात्र एक ठेवा आहे. पीक हाती आलं की उपकारस्तुतीचा दिवस असतो. वेदीपुढे बाजरीची कणसं, कांद्याच्या पिशव्या, दुधी, ऊस, पाय बांधलेली कोंबडी, कुणाच्या परसातली अंडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. एका भोपळ्यावर दोन भावांची चढाओढ लागते, भाव दहापट होतो, सगळे हसतात. शेजारचे मराठा, माळी शेतकरी कडेला उभे राहून बघतात आणि एखादा बोलीत उतरतो. मी अशा ठिकाणी पाहिलं आहे की बोली लावणारा माणूस पुढच्या वर्षी स्वतःच्या शेतातली टोपली घेऊन येतो आणि म्हणतो, आमचीही ठेवा. त्याला नको म्हणणारी मंडळी मी पाहिलेली नाही. हा दिवस फक्त सभासदांचा न ठेवता गावाचा करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि स्थलांतर. बीड, नगर, जालन्याकडच्या कितीतरी मंडळ्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. घरंच्या घरं ऊसतोडीला सांगली, कोल्हापूरकडे जातात, कोप्यांत राहतात, मार्चच्या पुढे परततात. बाकीचे पुण्याला, चाकणला, भिवंडीला कामासाठी कायमचे जातात. गाव सोडताना पाळकसाहेब एक दाखला देतात: अमुक कुटुंब आमच्या मंडळीचं असून त्यांची वर्तणूक चांगली आहे, आपण त्यांना सामावून घ्यावं. शहरातल्या चर्चच्या कचेरीत तो दाखला फायलीत लागतो, सभासदत्वाचा अर्ज मागितला जातो, वर्गणीचं कार्ड निघतं. त्या कुटुंबातला बाप गावाकडे पंधरा वर्षं भजनात मृदंग वाजवत होता, आई शब्बाथशाळा घेत होती, हे त्या कागदावर कुठेही नसतं. ते शहरात मागच्या बाकावर बसतात आणि सहा महिन्यांत यायचे थांबतात. दाखल्याचा नमुना धर्मप्रांताच्या कचेऱ्या ठरवतात. त्यात एक ओळ वाढवायची: हे कुटुंब मंडळीत कोणतं काम करत होतं. आणि ज्या पाळकाला तो दाखला मिळेल त्याने पुढच्या रविवारी सलाम करून झाल्यावर त्या बापाला विचारायचं, मृदंग घेता का? कोप्यांत आलेल्या तोडणी कामगारांच्या पोरांसाठी कारखान्याच्या गावातल्या मंडळीने संध्याकाळी वर्ग काढला, तर तिथे शिकवायलाही त्यांच्यातलीच एखादी दहावी झालेली मुलगी मिळते.